फेल गेलेला बोअर

आमच्या गल्लीत वार ओळखायला कॅलेंडर लागत नसे. गटारीकडे बघितलं की झालं. हिरवी वाहिली की सोमवार, कारण माझ्या वडिलांच्या डाईंगमध्ये आठवड्याची सुरुवात हिरव्या सुताने व्हायची. निळी वाहिली की बुधवार. आणि मरून वाहिली की नरसय्यामामांच्या डाईंगमध्ये चादरीचं सूत हौदात पडलंय, मग वार कुठलाही असो. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, "पाण्याला रंग असतो का?" मी उभी राहून विचारलं, "बाई, आज वार कोणता?" त्याबद्दल पट्टी खाल्ली. पण सोलापूरच्या पूर्व भागात, रंगाऱ्यांच्या गल्लीत वाढलेल्या मुलीने दुसरं काय विचारायचं?

तो सगळा रंग विषारी होता, हे आता मला पगार घेऊन लोकांना सांगावं लागतं. तरी ती आठवण मला गोडच लागते, त्याला माझा इलाज नाही. आम्ही घरात तेलुगू बोलणारी पद्मशाली माणसं. वडिलांना नायना म्हणायचो. नायना जेवायला बसले की त्यांची नखं बघून अम्मा विचारायची, "आज हिरवा का?" आणि ते भात कालवत मान हलवायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांची नखं अशीच असतात.

सन २०४१च्या फेब्रुवारीत मी त्याच गल्लीत परत गेले ती एक नळी घेऊन. मी भूजलशास्त्रज्ञ, वय त्रेपन्न, नाव जमुना सामल. नळी दोन मीटर लांब, दंडाएवढी जाड. ती गल्लीच्या आडात, म्हणजे रहाट असलेल्या आमच्या अरुंद खोल विहिरीत, तीन आठवडे सोडून ठेवायची होती. आडाच्या कट्ट्यावर पुष्पा उभी होती. पुष्पलता वडनाल, नरसय्यामामांची मुलगी, माझ्याच बाकावरची.

"काय गं जमे, आता आडात काय सोडलालीस?"

"नळी आहे. आकाशातून येणारे कण मोजते."

"आकाशातलं बघायला आडात उतरतात व्हय?"

"हिने आकाश दिसत नाही गं, खडक दिसतो."

"बघ बाई तुझं तू. पाणी नासवू नको म्हंजे झालं."

हे ती प्रत्येकालाच म्हणते. बादली सोडणाऱ्या पोरांना, दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनला, सगळ्यांना. बारा वर्षांपूर्वी ती भिवंडीहून परत आली तेव्हा आडात कचरा आणि पिंपळाची मुळं होती. तिने गल्लीला मागे लागून एक्केचाळीस ट्रॉल्या गाळ काढवला, जाळी बसवली, गाळणी बसवली. आज तीनशे घरं त्या आडाचं पाणी पितात आणि ती रोज सकाळी सात वाजता पाण्यात तपासणीची पट्टी बुडवून आकडे फळ्यावर लिहिते. एवढी काळजी ती का घेते, हे गल्लीला माहीत होतं. मला जरा जास्त माहीत होतं. म्हणून तिचं ते नेहमीचं वाक्य मला नेहमीच टोचायचं.

नळीचं काम थोडक्यात सांगते. अवकाशातून येणारे कण सतत आपल्या हवेच्या वरच्या थरांवर आदळत असतात. त्या धडकेतून म्युऑन नावाचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन खाली येतात. तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. ते छतातून जातात, डोक्यातून जातात, खडकातूनही जातात. फक्त खडक जितका दाट, तितके वाटेत जास्त अडतात. म्हणजे आडाच्या तळाशी बसून कुठल्या दिशेने किती म्युऑन आले हे मोजलं, की डोक्यावरचा खडक कुठे भरीव आहे, कुठे भेगाळलाय आणि कुठे मातीचा आहे, हे कळतं. एक्स-रेच म्हणा, फक्त त्याचा दिवा आकाशात असतो आणि तो कधी विझत नाही.

याआधी एखाद्या शहराच्या भूजलाला प्रदूषणाचा धोका किती, हे आम्ही गुण देऊन ठरवायचो. पाणी किती खोल, पाऊस किती मुरतो, माती कसली, उतार किती, खडक किती फुटलेला. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि नकाशावर लाल, पिवळा किंवा हिरवा रंग भरायचा. शहरभर चाळीस जागी मोजायचं आणि मधल्या जागा अंदाजाने रंगवायच्या. नळ्या आल्यावर अंदाजाची गरज संपली. दर प्लॉटचा रंग कळायला लागला, त्याला कायद्याचं बळ मिळालं. लाल जागेवर साधं गॅरेज काढायचं तरी सुनावणी. हिरव्या जागेवर कारखाना, आणि तोही महिन्याभरात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीचा नकाशा आला. पूर्ण हिरवा.

"मॅडम, तुमचं माहेर सगळ्या शहरात सुरक्षित निघालं. पेढे पाहिजेत," हेर्लेकर म्हणाले. हेर्लेकर आमच्या भूजल कवच कक्षाचे प्रमुख. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कामाला चोख, पेढ्यांवर जीव.

कारण पडद्यावर दिसत होतं. गल्लीखाली बारा मीटरवर एक तांबडा थर सलग पसरला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याच्यावर माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. ती भाजलेली माती पाणी झिरपू देत नाही. आडाचं पाणी या थराच्या खाली. म्हणजे वर काहीही सांडलं तरी खालच्या पाण्यावर पक्कं झाकण.

त्याच्याखालीच दुसरी फाइल होती. गल्लीच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी आमचं सामल डाईंग होतं त्या मोकळ्या प्लॉटवर, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले धातू काढायचा कारखाना येणार होता. जागा हिरवी, त्यामुळे फक्त शास्त्रज्ञाची सही हवी होती. शास्त्रज्ञ मी. मुदत पुढचा शुक्रवार.

"साहेब, त्या प्लॉटमध्ये एक बोअर आहे," मी म्हणाले.

"नोंद नाही."

"फेल गेलेला. दोनशे फूट. झाकण फोडून खाली गेलेला."

हेर्लेकरांनी नकाशा मोठा केला. "नळीला दिसला नाही."

"कसा दिसेल? नळीला दीड मीटरपेक्षा लहान काही दिसत नाही. बोअरचं भोक सहा इंचांचं."

"पण फेल गेला म्हणजे खाली पाण्याची वाटच नसणार ना?"

"पाणी येण्याइतकी वाट नव्हती," मी म्हणाले. "जाण्याइतकी होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नियम त्यांनी मला वाचून दाखवला, जो मीच तीन वर्षांपूर्वी लिहिला होता. नोंद नसलेला बोअर दाखवायचा तर कागद पाहिजे. कागद नसेल तर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा जबाब पाहिजे. बोअर कुणाचा, त्यात काय सोडलं, कुणी सोडलं, कधी. मग त्यात निरुपद्रवी रंग सोडून तो पाण्यात उतरतो का, याची चाचणी.

"पाहिलेलं माणूस मिळेल?" त्यांनी विचारलं.

"मिळेल," मी म्हणाले आणि घरी निघून गेले.

ते साल १९९७. मी नऊ वर्षांची. त्या उन्हाळ्यात गटारीत रंग सोडायला बंदी आली होती. तपासणी करणारी माणसं फिरायची, सापडला तर डाईंगला टाळं. सगळे रंगारी घाबरून होते. त्यातच नरसय्यामामांना कावीळ झाली. त्यांच्याकडे मरून सुताची मोठी ऑर्डर होती, वेळेत गेली नसती तर गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं. नायना त्यांच्या अंथरुणाशी बसून म्हणाले, "तू पड. तुझा माल मी काढतो." आणि काढला. एका डाईंगने दुसऱ्याचा रंग काढायचा नाही हा गल्लीचा अलिखित कायदा, म्हणून ही गोष्ट दोघांच्या घरांबाहेर कुणाला सांगितली नाही.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. त्या दिवशी गल्लीत चिटपाखरू राहत नाही. सगळे नवं जानवं घालून, राखी बांधून रथामागे जातात. मला गालगुंड झाले होते, म्हणून मी घरी. लांबून ढोल ऐकू येत होते आणि मी गच्चीत बसून रडत होते. तेवढ्यात खाली डाईंगच्या आवारात नायना दिसले. ते रथाला गेले नव्हते. हौदातून एक पाइप निघून आवाराच्या कोपऱ्यातल्या बोअरमध्ये गेला होता.

"नायना, काय करताय?"

ते दचकले. मग वर बघून हसले. "बोअरला पाणी पाजतोय. तहानलाय बिचारा."

मला ते इतकं आवडलं की रडू थांबलं. मी खाली गेले, हौदापासून बोअरपर्यंत पावलं मोजली, अकरा भरली, आणि पाइपला हात लावून उभी राहिले. पाइप गरम होता. नायनांना खरंच वाटत होतं की फेल गेलेला बोअर म्हणजे मेलेली जागा, तिथे गेलं ते गेलं. त्यांना भूगर्भशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकायला मला अजून अकरा वर्षं होती.

तिसऱ्या दिवशी आडाचं पाणी मरून आलं.

गल्ली गोळा झाली. अंबादासतात्या सगळ्यात जुने रंगारी. त्यांनी सुताची एक पांढरी लडी बादलीत बुडवली, पिळली, रहाटाच्या खांबाला वाळत घातली. अर्ध्या तासाने सगळ्यांना दिसेल असा रंग चढला. तात्या एवढंच म्हणाले, "मरून. नरसय्या." आमच्या गल्लीत सही करायची गरज नसायची, रंगच माणसाचं नाव सांगायचा.

नरसय्यामामा अंथरुणातून उठून आले, डोळे पिवळे, भिंतीला धरून. त्यांनी लडीकडे बघितलं. मग गर्दीत उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडे बघितलं. मी नायनांचं बोट धरून होते, ते बोट थंड पडलं होतं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी उघडलं नाही. मामा खाली कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "चुकलं असेल माझं."

त्यांची बायको सुगुणात्ता (अत्ता म्हणजे तेलुगूत मामी) मात्र ओरडत होती, "न्हाई! हे ह्यांचं काम न्हवं! नीट बघा की!" तिला बायकांनी घरात नेलं.

त्यानंतर मामांच्या घरचं पाणी कुणी पिईना. पुढच्या वर्षी रथाचा दोर ओढायला त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही. दिवाळीआधी ते बिऱ्हाड भिवंडीला गेलं. ट्रकच्या मागच्या बाजूला भांड्यांवर बसलेली पुष्पा मला हात करत होती. नायनांनी त्यानंतर मरून रंग कधीच काढला नाही. दर दिवाळीला भिवंडीला फराळाचा डबा पाठवायचे. तो परत येत नसे, पण उत्तरही येत नसे. नायना २०१५ साली गेले तेव्हा गल्लीतला एक जण फोटोला हार घालताना म्हणाला, "राजमल्लू रंगमास्तर असा माणूस, आडाला कधी पाय लावला न्हाई." मी तिथेच उभी होते. तेव्हा मला सगळं समजलेलं होतं आणि मी गप्प बसले. बाप गप्प बसला ते भीतीने, मी गप्प बसले ते मायेने, एवढाच काय तो फरक.

आता सही केली तर कारखाना उभा राहणार, त्याचं सांडलेलं कधीतरी त्या भोकातून उतरणार आणि तीनशे घरं ते पिणार. मरून रंग निदान दिसतो तरी. निकेल दिसत नाही. सही नाही केली आणि कारण नाही दिलं, तर दुसरा कुणी सही करेल. आणि जबाब दिला तर माझ्या नायनांचं नाव सरकारी कागदावर जाईल, ज्या गल्लीने त्यांच्या फोटोला हार घातला त्याच गल्लीसमोर.

मी माळ्यावरची पेटी काढली. नायनांचं शेड बुक त्यात होतं. रंगाऱ्याची ही वही वेगळीच असते, तिच्यात लिहिलेलं कमी आणि बांधलेलं जास्त. प्रत्येक पानाला भोकं पाडून त्या त्या दिवशी काढलेल्या सुताचा झुपका गाठवलेला. पान उलटलं की अजून सोड्याचा वास येतो. मी हिरव्यांवरून बोट फिरवत गेले. पोपटी, मेंदी, बाटली हिरवा, आणि एक शेड ज्याच्यापुढे त्यांनी तेलुगूत लिहिलं होतं, "जमुनाचा परकर." तिथे मी बराच वेळ थांबले. मग श्रावणाची पानं आली. एकच मरून झुपका. त्याखाली, "पौर्णिमा. माल नरसय्याचा. त्याला कावीळ. हौद बोअरमध्ये सोडला." पुढे काही नाही. माझ्या वडिलांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी खरं लिहून ठेवलं, फक्त कुणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन आडावर गेले. पुष्पा गाळणीची जाळी घासत बसली होती. मी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, गालगुंडापासून फोटोच्या हारापर्यंत. मधे ती जाळी घासायची थांबली, एवढंच.

"वाच," ती शेवटी म्हणाली.

मी पान वाचलं. तिने झुपक्याला हात लावला नाही.

"भिवंडीत चाळीच्या नळावर माझा बाप सगळ्यात शेवटी उभा राहायचा," ती म्हणाली. "पैला नंबर असला तरी. मी विचारायची, नायना, आपण का मागं? तर म्हणायचा, आपला हात लागलेलं पाणी लोकाला कशाला. मरेपर्यंत तसंच. आणि मी इथं येऊन बारा वर्षं आड घासलालीय. का? तर बापानं नासवलं, पोरीनं फेडावं."

"पुष्पे..."

"तू नऊ वर्षांची होतीस, ते सोड. मग वीसची झालीस. मग पाण्यातली डॉक्टर झालीस. मी परत येऊन बारा वर्षं झाली, माझ्या हातचा चहा पितीस. तवा का न्हाई बोललीस?"

"भ्याले."

"कुणाला?"

"नायनांच्या फोटोला."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, ही आता मला ढकलून देईल, आणि दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"अजून एक आहे," मी म्हणाले, कारण सगळं सांगायचं ठरवलं होतं. "रंग आडात उतरला तर कारखाना येणार नाही. पण आडही बंद करावा लागेल. बोअर चिकणमातीने बुजवून, सहा महिने पाणी तपासून, मगच उघडेल."

"म्हंजे परत आमचाच आड."

"हो."

तिने जाळी पाण्यात बुडवली, वर काढली, उन्हात धरून बघितली.

"टाक रंग," ती म्हणाली. "पण मरूनच टाक. तुमचा तो चमकणारा हिरवा नको. आणि म्हातारीकोतारी मी बोलावते."

गुरुवारी सकाळी आम्ही प्लॉटवर गेलो. सगळीकडे विटांचा चुरा आणि वेडी बाभळ. हौदाची एक भिंत मात्र उभी होती, तिच्यावर अजून हिरवे ओघळ. मी भिंतीला पाठ लावून अकरा पावलं चालले आणि बाभळीत शिरले. काही नाही. हेर्लेकर घड्याळाकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं, ती पावलं नऊ वर्षांच्या मुलीची होती. परत आले आणि छोटी छोटी पावलं टाकत निघाले. त्रेपन्न वर्षांची बाई अशी चालताना बघून मजूर हसले. अकराव्या पावलावर पहार मारली तर फरशी वाजली. फरशीखाली गंजलेला पाइप होता. पुष्पाने त्यात एक खडा टाकला आणि आम्ही दोघी वाकून ऐकत राहिलो. तो बराच वेळ खाली जात होता.

रंग पोटात गेला तरी अपाय न करणारा होता. दोन पिंपं पाण्यात कालवून सोडला, मागून टँकरचं पाणी. गल्लीला तीन-चार दिवस टँकर लावला होता, त्यावरून कुरकुर झाली, पण पुष्पापुढे कोण बोलणार? आडात आम्ही रंग मोजणारं यंत्र सोडलं. पुष्पाने त्याच्याशेजारी दोरीला बांधून सुताची एक पांढरी लडी सोडली.

"यंत्र आहे की," हेर्लेकर म्हणाले.

"तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला," ती म्हणाली.

यंत्र शनिवारी संध्याकाळीच बोललं. आकडा सरळ वर चढला. हेर्लेकरांनी मला फोन करून अभिनंदन म्हटलं आणि मग बहुतेक जीभ चावली. पुष्पाने आकडा मानला नाही. रविवारी सकाळी कट्ट्यावर गल्ली जमली. माझ्या लहानपणच्या गर्दीतले आता नऊ जण उरले होते, दोघं व्हीलचेअरवर. पुष्पाने लडी वर ओढली, पिळली आणि त्याच खांबाला वाळत घातली. अर्ध्या तासाने लडीवर मरून चढला आणि त्या नऊ जणांनी मान खाली घातली.

मी उभी राहून वही वाचली. तेलुगूत वाचली, मग मराठीत. वाचून झाल्यावर पुष्पाने फोन काढला आणि भिवंडीला लावला. पडद्यावर सुगुणात्ता आली, ब्याऐंशी वर्षांची, डोक्यावर पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा. पुष्पाने काही न सांगता शेड बुकातला तो मरून झुपका फोनसमोर धरला.

"अम्मा, हा कुणाचा?"

सुगुणात्ताने चष्मा वर केला. "राजमल्लूचा," ती लगेच म्हणाली.

"कशावरून?"

"लाल जास्त पडलाय. ह्यांचा मरून काळपट असायचा, वांग्याच्या अंगाला जाणारा. राजमल्लूला हिरव्याची सवय, मरून त्याला कधी जमलाच न्हाई." मग तिला झुपका ओळखू आला असावा, कारण ती पुढे वाकली. "हीच की ती शेड. खांबाला टांगलेली. मी तवा ओरडून सांगितलं, नीट बघा, हे ह्यांचं काम न्हवं. ह्यांनी शपथ घातली म्हणून राजमल्लूचं नाव मात्र कधी, पोरीपुढं पण, काढलं न्हाई. रंगाऱ्यांची गल्ली, आणि एकानं रंग बघितला न्हाई."

व्हीलचेअरवरचा एक म्हातारा रडायला लागला. खरं होतं ते. सुताच्या झुपक्यावरून माणूस ओळखणारी ती माणसं, त्यांनी त्या दिवशी मरून म्हटलं आणि कुठला मरून ते बघायचंच विसरले. आणि मी? मला तर दोन्ही शेड तोंडपाठ होत्या.

"सुगुणात्ता," मी फोनजवळ जाऊन म्हणाले, "मी जमुना. राजमल्लूची."

ती मला शोधत राहिली. "जमुना. गालगुंड झाले होते तुला," ती म्हणाली. "बरे झाले का गं?"

मी मान हलवली. पुष्पाने फोन काढून घेतला आणि बाजूला जाऊन आईशी बोलत राहिली.

दुपारी मी आणि हेर्लेकर कट्ट्यावर बसून नोंद भरत होतो. शहराच्या नकाशावरचा नोंद नसलेला हा पहिला बोअर. त्यांनी जागा लाल केली, कारखान्याची फाइल परत पाठवली. गर्दीतून एक बाई येऊन हळूच म्हणाली, "आमच्या मोरीखाली पण एक आहे." मग आणखी एक जण आला. हेर्लेकरांनी दुसरा कागद काढला, मग तिसरा. सोलापुरात असे किती निघतील, याचा त्या दोघांकडे बघून मला अंदाज आला. खडक आम्ही नळीने बघितला. त्याला पाडलेली भोकं मात्र माणसांनी तोंड उघडल्याशिवाय दिसणार नव्हती.

"बोअरला नाव काय द्यायचं?" हेर्लेकरांनी विचारलं. "क्रमांक टाकू? नावाची सक्ती नाही, मॅडम."

त्यांनी माझी सोय बघितली होती. पुष्पा मागे येऊन उभी होती.

"क्रमांक नको," ती म्हणाली. "माझ्या बापाचं नाव चव्वेचाळीस वर्षं लोकांनी न लिहिता वाचलं. तुझ्या नायनाचं लिही."

मी लिहिलं. राजमल्लू सामल बोअर. अक्षरं पडद्यावर उमटली, शेजारी लाल ठिपका. नायनांची हिरवी नखं मला दिसली, भात कालवणारी. मी त्यांच्यावर आजही तेवढंच प्रेम करते.

त्याच तक्त्यात खालची ओळ आडाची होती. आडाला कधी नावच नव्हतं, आम्ही नुसतं आड म्हणायचो. नावाचा तो रकाना भरायला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथे लिहिलं, नरसय्या वडनाल आड, आणि पडदा पुष्पाकडे वळवला.

तिने ते दोनदा वाचलं. मग खांबावरची लडी काढून घडी घातली आणि पदरात बांधली.

"आड उघडायला सहा महिने म्हणालीस ना?"

"सप्टेंबर उजाडेल."

"मग नारळी पौर्णिमेला बंदच असंल," ती म्हणाली. "रथाला यायचं तू. घरी बसायचं न्हाई."